राणीची बाग बघायला

देवगिरी, विदर्भ, महालक्ष्मी, कोकणकन्या. रात्रभर धावून सकाळी दादरला लागणाऱ्या या गाड्यांतून रोज काही मुलं परळला जायला उतरतात. परळचं नाव मात्र त्यांच्यापुढे कुणी काढलेलं नसतं. कुणाला मुंबई दाखवायला आणलेलं असतं, कुणाला समुद्र, कुणाला नुसतंच मावशीकडे. राणीच्या बागेचं आमिष सगळ्यात जुनं आणि अजूनही चालणारं. आता तर तिथे पेंग्विन आहेत. थोड्या मोठ्या मुलाला सांगतात, रक्त कमी झालंय, ते भरून घेऊ आणि परत येऊ. यातलं निदान अर्धं तरी खरं असतं.

परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाच्या मुलांच्या विभागात बसल्यावर ही गोष्ट फार वेळ टिकत नाही. समोरच्या बाकावर डोक्यावर एकही केस नसलेली, तोंडाला मास्क लावलेली, हाताला पट्टी गुंडाळलेली मुलं बसलेली असतात. त्यातलं एखादं आपणहून सांगतं की माझी आठवी केमो आहे, तुझी कितवी? मूल आईच्या तोंडाकडे बघतं आणि आई पिशवीत काहीतरी शोधायला लागते. मग नाव पुकारलं जातं, रक्त घ्यायची सुई येते, आणि मूल किंचाळतं. त्या किंचाळण्यात दुखण्याइतकाच फसवलं गेल्याचा राग असतो.

या लेखाचा विषय तो पहिला दिवस आणि त्याच्या आधीचा आठवडा. त्या आठवड्यात घरचे तयारी भरपूर करतात. रिपोर्ट गोळा होतात, सोनाराकडे जाऊन येतात, सोसायटीत कर्जाची चौकशी होते, तुळजापूरला किंवा जेजुरीला नवस बोलला जातो. मुलाला तयार करणं तेवढं राहून जातं. यात कुणाचा निष्ठुरपणा नसतो. ज्यांना स्वतःलाच तो शब्द उच्चारवत नाही, त्यांनी सात वर्षांच्या लेकराला काय सांगावं? तरीही मला वाटतं की ही तयारी यादीत सगळ्यात वर हवी. तिला पैसे लागत नाहीत, बहुधा म्हणूनच ती मागे पडते.

बहुतेकांची सुरुवात साध्या तापाने होते. उतरतो, पुन्हा चढतो. मूल पांढरंफटक दिसायला लागतं, खेळता खेळता मध्येच बसतं, कुठे न पडता अंगावर निळे डाग उठतात, पाय दुखतात म्हणून रात्री रडतं. किंवा अंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात गोळा लागतो. किंवा मोबाइलवर फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत एका बुबुळात पांढरी चमक दिसते. मुलांच्या कॅन्सरांत रक्ताचा म्हणजे ल्युकेमियाचा वाटा सर्वांत मोठा, साधारण एक तृतीयांश. मागोमाग मेंदूतल्या गाठी, लिम्फोमा, मग किडनीतला विल्म्स, डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा, हाडांतल्या गाठी. तंबाखूशी, दारूशी, खाण्यापिण्याशी यांचा संबंध नाही. थोड्या मुलांत आनुवंशिक कारण सापडतं, बहुतेकांत कुठलंच सापडत नाही. आईने ग्रहणात सुरी धरली होती, गरोदरपणी पपई खाल्ली होती, असली कारणं सासरच्या ओट्यावर मात्र हटकून सापडतात. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी आईकडे बघून एक वाक्य म्हणावं, 'यात तुमची काही चूक नाही', आणि ते शक्यतो आजी समोर बसलेली असताना म्हणावं.

जिल्ह्याच्या ठिकाणी संशय आला की एक गोष्ट सांभाळायची असते आणि ती कुणी सांगत नाही. ताप आणि गाठी बघून कधी कधी आधीच स्टेरॉइड सुरू केलं जातं. मुलाला दोन दिवस बरं वाटतं, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण ल्युकेमिया आणि लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने तात्पुरत्या विरघळतात, मग तपासणीत आजार नीट सापडत नाही आणि तो किती धोक्याचा आहे हे ठरवणं अवघड होतं. म्हणून मोठ्या रुग्णालयात बोन मॅरो किंवा गाठीचा तुकडा तपासून होईपर्यंत स्टेरॉइड देऊ नये, हे आपल्या डॉक्टरांना सांगायला संकोचू नये. दिलं गेलंच असेल तर औषधाचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून न्यावी.

आता आकडे, कारण घरात ते कुणीतरी मोबाइलवर शोधतच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांपैकी अनेकांत ३० टक्क्यांहूनही कमी. औषधं जवळपास तीच. फरक पडतो तो उशिरा पोचण्याने, चुकलेल्या निदानाने आणि अर्ध्यावर सोडलेल्या उपचारांनी. हे सगळं बदलू शकतं, म्हणून २०१८ साली संघटनेने २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुलं वाचवण्याचं उद्दिष्ट ठेवलं.

मुलांच्या ल्युकेमियावर औषध चालतं हे जगाला कळलं १९४८ साली, बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांच्यामुळे. त्यांनी वापरलेलं अमिनोप्टेरिन ज्या प्रयोगशाळेत तयार झालं, तिथे संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ते वारले. आपल्याकडे १९८४ साली मुंबईचं टाटा, चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेबरोबर एमसीपी-८४१ नावाची ठरावीक उपचारपद्धती हाती घेतली आणि ल्युकेमियाच्या मुलांचं चित्र पालटायला लागलं. त्याआधी हा आजार झालेलं मूल बहुधा जायचंच. आजच्या आजी-आजोबांच्या मनात तोच जमाना बसलेला आहे, आणि घरात निर्णय पुष्कळदा त्यांच्या शब्दाने होतो. 'उगाच लेकराला कशाला छळता' हे वाक्य त्या जमान्यातून आलेलं असतं. ते म्हणणाऱ्याला शक्य असेल तर एकदा रुग्णालयात घेऊन जावं आणि उपचार संपवून पाच-सात वर्षांनी तपासणीला आलेल्या मुलांशेजारी बसवावं.

पिशवीत काय असावं ते थोडक्यात सांगतो. सगळे मूळ रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. सीटी, एमआरआयच्या फिल्म आणि सीडी दोन्ही. तुकड्याची तपासणी झाली असेल तर नुसता कागद पुरत नाही. काचेच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक लॅबमधून मागून न्यावा लागतो, कारण टाटात तो पुन्हा तपासतात. हा ब्लॉक विसरल्यामुळे कुणीतरी त्याच रात्रीच्या गाडीने परत फिरतं, हे नेहमीचं आहे. आधार, रेशन कार्ड, मुलाचा जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. त्यासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठावं, स्वतः मोठा खर्च करून बसल्यावर नव्हे. रेशन कार्डावर मुलाचं नाव चढलेलं नसणं ही सगळ्यात सामान्य अडचण, आणि ती तहसील कचेरीत सुटते, परळला नाही. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्याला रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, म्हणून पहिल्या प्रवासात ती मिळेलच असं नाही. परतीच्या तिकिटापासून तरी सोडू नये.

सोबत कोण, हा प्रश्न कागदांपेक्षा नाजूक. आमच्याकडे आजारी माणसाबरोबर जाणाऱ्यांची संख्या आजाराच्या मोठेपणावर ठरते. चुलते, मामा, गावातले एक जाणते गृहस्थ, असे सहा-सात जण निघतात आणि डॉक्टरांच्या खोलीत नेमका बापच दाराबाहेर राहतो. दोन मोठी माणसं पुरतात. एकाने खिडक्या, रांगा आणि फाइल सांभाळायची. दुसऱ्याने मुलाशेजारून हलायचं नाही, आणि डॉक्टर बोलतील ते वहीत लिहून घ्यायचं. वही खरंच न्यावी. त्या खोलीत ऐकलेलं दहा मिनिटांत पुसलं जातं.

परळ हा गिरणगावचा भाग, पण केईएम, वाडिया, हाफकिन आणि टाटा एकमेकांना लागून असल्यामुळे आज तिथला रस्ता रुग्णांचाच झाला आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या, पाठोपाठ १९३२ मध्ये दोराबजीही. त्यांच्या नावच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ८० खाटांचं हे रुग्णालय उघडलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. समोरच्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मूळचे गोव्याचे, इथलेच शल्यचिकित्सक. पहिल्यांदा येणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो फुटपाथ: पथारी, स्टोव्ह, दोरीवर वाळणारे कपडे, बिहार-बंगालपासून विदर्भापर्यंतची माणसं. मुलालाही तेच आधी दिसतं. ही माणसं इथे का झोपलीत, असा प्रश्न ते विचारणार आणि त्याचं उत्तर तयार असलेलं बरं.

राहण्याची सोय ही पहिल्या फेरीतली सर्वांत मोठी चिंता. दादरची गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन, वांद्र्याचं बोर्जेस होम ही जुनी ठिकाणं. श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी २००६ साली सुरू केलेली सेंट ज्यूड बालसेवा केंद्रं खास मुलांसाठी आहेत. तिथे प्रत्येक कुटुंबाला आपली जागा, सामायिक स्वयंपाकघर, राहणं फुकट. पण त्यासाठी रुग्णालयाकडून नाव जावं लागतं, म्हणजे पहिल्या रात्री तिथे दार ठोठावून उपयोग नाही. पहिले काही दिवस लॉज किंवा नातेवाईक. नातेवाईक डोंबिवलीला किंवा नालासोपाऱ्याला असतात. त्यांचं प्रेम मोठं, पण ज्या मुलाच्या रक्तातल्या पेशी कमी झाल्या आहेत त्याला सकाळच्या लोकलमध्ये कोंबून रोज आणणं म्हणजे आजारावर आजार. परळच्या आसपास साधी, स्वच्छ खोली मिळाली तर नातेवाइकांचा राग पत्करावा. टाटातल्या समाजसेवा विभागात पहिल्याच दिवशी जाऊन सगळी परिस्थिती खरी सांगावी. कमाई, कर्ज, गावी ठेवलेली दुसरी मुलं, कुणाची नोकरी जाण्याची भीती, सगळं. आपली माणसं इथे लाजतात आणि पुढे मधेच उपचार सोडून गावी जातात. मुलांच्या विभागाने राहणं, खर्च, जेवण आणि फोनवरून पाठपुरावा यांची घडी बसवल्यापासून असं सोडून जाणं खूप कमी झालं आहे. घडी बसवणाऱ्याला अडचण कळली तरच ती उपयोगाची.

टाटाला जावंच लागतं असंही नाही. नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय आहे, बार्शीला नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय. निदान आणि उपचारांचा आराखडा मुंबईत, पुढची इंजेक्शनं घराजवळ, अशी विभागणी करता येते का हे विचारावं. ल्युकेमियाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात. एवढा काळ घर मोडून मुंबईत काढणं सगळ्यांना जमत नाही, आणि त्याची गरजही नसते.

आता मूल.

आपल्याकडे मुलाची तयारी, उलट्या दिशेने का होईना, जन्मापासून चालू असते. जेवत नाही? थांब, डॉक्टरांना बोलावते, मोठ्ठं इंजेक्शन देतील. झोपत नाही? इंजेक्शन. अभ्यास करत नाही? इंजेक्शन. पाच वर्षं हा पाठ घोकून घेतल्यावर ज्या दिवशी खरंच इंजेक्शनवाल्याकडे न्यायची वेळ येते, त्या दिवशी मुलाच्या डोक्यात एकच हिशेब असतो: मी काय केलं? चार ते आठ वर्षांच्या मुलांना असं वाटतंच, मग आई-बाप कितीही प्रेमळ असोत. भावाला मारलं होतं, देवापुढचा पेढा खाल्ला होता, त्याची ही शिक्षा. मूल हे बोलून दाखवत नाही. म्हणून त्याने विचारण्याआधीच सांगून टाकावं लागतं, आणि एकदा सांगून भागत नाही: तू काही केलं नाहीस, कुणीच काही केलं नाही, आणि हे कुणाला लागतही नाही.

लपवणं मुळात शक्य असतं का? मायरा ब्लूबॉन्ड-लँग्नर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी ल्युकेमिया झालेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांबरोबर रुग्णालयात महिनोन्महिने काढले आणि १९७८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्या मुलांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, तरी सगळं कळलेलं होतं. औषधांची नावं, त्यांचे परिणाम, शेजारच्या खाटेवरचं मूल कुठे गेलं, सगळं ती एकमेकांकडून शिकत. आणि आपल्याला कळलं आहे हे आई-बापांना कळू नये, त्यांना त्रास होईल, म्हणून गप्प बसत. मराठी घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे फोनवरचं प्रत्येक बोलणं मुलाच्या कानावर जातं, तिथे काय होत असेल याची कल्पना करायला पुस्तकाची गरज नाही. आई मोरीत जाऊन रडते, मूल झोपेचं सोंग घेतं.

दुसरी एक जुनी नोंद आहे, १९५२ सालची. ब्रिटनमध्ये तेव्हा आई-बापांना मुलांच्या वॉर्डात भेटीच्या ठरावीक वेळेखेरीज येऊ देत नसत. जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे रुग्णालयातले आठ दिवस चित्रित केले, आणि शांत, शहाणी वाटणारी ती मुलगी आतून कशी मिटत गेली ते लोकांनी पाहिलं. त्यानंतर तिकडचे नियम हळूहळू सैल झाले. १९५९ च्या सरकारी अहवालाने आईला जवळ राहू द्या असं सांगितलं. आपल्या सरकारी रुग्णालयांवर शंभर तक्रारी असोत, पण आईला मुलापासून तोडायची पद्धत तिथे कधी रुजली नाही. खाटेखाली सतरंजी टाकून ती होतीच. तेव्हा अर्धं काम झालेलं आहे. आई जवळ असतेच, तिने बोलायला मात्र हवं.

काय बोलायचं? वयाप्रमाणे. तीन वर्षांच्या मुलाला आजाराचं नाव काही सांगत नाही, त्याला एवढंच हवं असतं की आई कुठे असणार. त्याला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरे. 'उद्या आपण मोठ्या दवाखान्यात जाणार. तिथे टोचतील, थोडं दुखेल, मी धरून बसेन.' सहा-सात वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस आधी, थोडं अधिक. त्याला आजाराचं नावही सांगावं, कारण तिथे भिंतीवर, फाइलवर, लोकांच्या तोंडी ते असतंच. परक्याकडून ऐकण्यापेक्षा आपल्या माणसाकडून ऐकलेलं बरं. 'तुझ्या रक्तात काही पेशी वेड्यासारख्या वाढतायत, त्या चांगल्या पेशींना जागा देत नाहीत, म्हणून तू दमतोस. औषध त्यांना मारणार.' एवढ्यावर बहुतेक मुलं खेळायला निघून जातात आणि दोन तासांनी येऊन पुढचा प्रश्न विचारतात. एका बैठकीत सगळं उरकायची घाई मोठ्यांनाच असते. दहाच्या पुढच्या मुलाला आठवडाभर आधी, आणि डॉक्टरांसमोर त्याला बसवून. चौदा वर्षांच्या मुलीला खोलीबाहेर थांबायला सांगितलं तर ती मोबाइल उघडते आणि तिथे तिला सगळ्यात वाईट तेवढंच सापडतं.

'दुखणार नाही' हे वाक्य पूर्ण वर्ज्य. ते पहिल्या सुईला खोटं पडतं आणि पुढे अडीच वर्षं त्या माणसाचं कुठलंच बोलणं मूल खरं धरत नाही. दुखेल, पण किती वेळ ते सांगता येतं: दहा म्हणेपर्यंत. मग खरंच मोठ्याने दहा म्हणावेत. कुठल्या हाताला टोचायचं हे त्याला ठरवू द्यावं; एवढ्या मोठ्या गोष्टीत त्याच्या हातात राहिलेली तेवढीच निवड असते. चौघांनी हातपाय दाबून आडवं करण्यापेक्षा आईच्या मांडीवर छातीशी धरून बसवलं तर रक्त तितकंच निघतं आणि रडणं कमी होतं. कातडी बधिर करणारं मलम मिळतं, ते तासभर आधी लावावं लागतं. आहे का म्हणून विचारावं. कधी कधी विचारलं तरच मिळतं. घरी बाहुलीला किंवा अस्वलाला सुई नसलेल्या सिरिंजने इंजेक्शन देण्याचा खेळ चार दिवस खेळलेलं मूल तिथे वेगळं वागतं. परदेशातल्या मुलांच्या रुग्णालयांत हे काम करायला शिकलेली माणसं नेमलेली असतात. आपल्याकडे हे काम मावशी करतात, अर्थात जमेल तसं. 'मावशी' म्हणजे आयाबाई आणि 'मामा' म्हणजे वॉर्डबॉय. दुसऱ्या दिवसापासून मुलाच्या तोंडी हीच नाती असतात.

पहिल्या काही दिवसांत होणाऱ्या दोन तपासण्यांचं मात्र आधी सांगायलाच हवं. बोन मॅरो, म्हणजे कमरेच्या मागच्या हाडातून सुईने मगज काढणं. आणि पाठीतलं इंजेक्शन, ज्यात मूल मुटकुळं करून कुशीवर निजतं आणि मणक्यांमधून पाणी काढून औषध सोडतात. झोपेचं औषध देणार असतील तर काही तास उपाशी ठेवतात. इथे आजीचं मन विरघळतं आणि ती हळूच एक बिस्किट देते. पोटात अन्न असताना झोपेचं औषध दिलं तर उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, म्हणून तपासणी रद्द होते आणि तेच मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी राहतं. आजीला कारण सांगितलं तर ती बिस्किट देत नाही. नुसतं 'देऊ नका' म्हटलं तर देते.

औषधांची ओळखही मुलांना आवडते, विशेषतः रंगांची. डॉक्सोरुबिसिन लाल असतं आणि त्यानंतर लघवी लालसर होते. हे आधी माहीत असलेली मुलं ते बघून हसतात, माहीत नसलेली घाबरून ओरडतात आणि आई त्यांच्याहून मोठ्याने. मेथोट्रेक्झेट पिवळं. व्हिन्क्रिस्टीनला रंग नाही, पण त्याची गोष्ट चांगली आहे. आपल्या अंगणात, तुळशीशेजारी, कुंपणाला जी सदाफुली असते, तिच्यातूनच हे औषध निघालं. १९६३ पासून ते वापरात आहे. ही गोष्ट मुलाला जरूर सांगावी आणि शेजाऱ्यांना मुळीच सांगू नये. नाहीतर संध्याकाळी कुणीतरी सदाफुलीच्या पानांचा रस वाटीत घेऊन येतं. औषधात तिच्यातलं एकच द्रव्य शुद्ध करून, मिलिग्रॅमच्या हिशेबाने शिरेतून देतात. पाल्याच्या रसात काय किती असेल ते कुणालाच ठाऊक नसतं, आणि ते झाड विषारी आहे.

केस जातात. मुलग्यांना त्याचं फारसं काही नसतं. लांब वेणीच्या मुलीला आणि तिच्या आईला ते आजाराहून मोठं वाटू शकतं, आणि त्याला वेडेपणा म्हणू नये. गळायला लागण्याआधी मुलीला विचारून केस बारीक कापून घेतलेले बरे, उशीवर पुंजके बघण्यापेक्षा. स्टेरॉइडवर असताना मूल रात्री दोनला उठून भात मागतं, चिडतं, चेहरा गोल होतो. गावाकडच्यांना फोटो पाठवला की ते म्हणतात, तब्येत सुधारली.

आणि मूल कधीतरी विचारतं, मी मरणार का? पहिल्या दिवशीच असं नाही. कधी महिन्याने, बसमध्ये, भलत्याच वेळी. 'असं अभद्र बोलू नये' म्हणून गप्प केलेलं मूल तो प्रश्न पुन्हा घरात विचारत नाही, शेजारच्या खाटेवरच्या मित्राला विचारतं. 'आजार मोठा आहे, म्हणून मोठ्या दवाखान्यात आलोय. औषध चालू आहे, खूप मुलं बरी होतात, आणि मी तुला सोडून कुठे जात नाही.' यातलं एकही वाक्य खोटं नाही. त्याहून जास्त वचन कुणीच देऊ शकत नाही, डॉक्टरही नाही.

घरी राहिलेल्या भावंडाचं कुणी नाव काढत नाही. आई-वडील मुंबईला, ते आजीकडे किंवा काकूकडे. त्यालाही वाटतं की परवा मी दादाला ढकललं म्हणून हे झालं. त्यालाही रोज फोन हवा, आणि फोनवर पहिली दोन मिनिटं त्याच्या शाळेबद्दल. त्याच्या लशी पूर्ण आहेत का हे डॉक्टरांना विचारावं. घरात किंवा वर्गात कुणाला कांजिण्या, गोवर आला तर आजारी मुलाचा त्याच्याशी संपर्क आल्या आल्या, पुरळ यायची वाट न बघता, रुग्णालयात कळवावं. चार दिवसांच्या आत काही करता येतं, नंतर अवघड होतं. देवीचं येणं म्हणून आठ दिवस गप्प बसायची पद्धत अजून अनेक घरांत आहे. इथे ती मोडावी लागते.

पहिली फेरी संपवून गावी निघताना तीन गोष्टी बरोबर असाव्यात. एक डिजिटल थर्मामीटर: ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेला की ती तातडीची वेळ, रात्र असली तरी. घरची क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. दुसरी, गावच्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरांच्या नावे टाटाच्या डॉक्टरांचं पत्र, ज्यात उपचार काय चालू आहेत आणि ताप आल्यावर कुठलं प्रतिजैविक शिरेतून सुरू करायचं ते लिहिलेलं असेल. स्नायूत इंजेक्शन नको, ब्रुफेन नको, हेही त्यात हवं. अनेक ठिकाणी हे पत्र मागितल्याशिवाय मिळत नाही. तिसरी, शाळेसाठी पत्र. मूल काही महिने येणार नाही, त्याचं नाव पटावरून काढू नये, वह्या घरी पाठवाव्यात, आजार लागणारा नाही हे पालकसभेत सांगावं. मूल शाळेत परतल्यावर परीक्षेला लेखनिक मिळेल का तेही मुख्याध्यापकांना आधीच विचारून ठेवावं, कारण व्हिन्क्रिस्टीनमुळे बोटं काही काळ बधिर राहतात आणि अक्षर बिघडतं.